खालच्या मजल्यावरची दोन मतं

घरातली पोरं मला हा किस्सा पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. "चाचू, वो पगड़ीवाला सुनाओ ना." मराठी त्यांना कळतं, पण तोंडातून हिंदीच निघते. मीही रंगात येतो, पोट सावरत उभा राहतो आणि टॉवेलचा फेटा बांधून दाखवतो. पोरं हसली की थांबतो. पुढचं सांगताना मला विनोद सुचत नाही, म्हणून ते इथे लिहितो.

नव्वदच्या दशकात वडिलांची वर्ध्याहून लखनौला बदली झाली. सरकारी नोकरी असली तरी घर मिळेना. दार उघडलं की आधी "पूरा नाम?" आणि मग "पूरा मतलब, पूरा." विकास नगरातल्या घरमालकांनीही विचारलं. आमचं आडनाव 'कर'वर संपणारं. त्यातून त्यांना काही अंदाज येईना. "महाराष्ट्र से हैं? अरे, फिर तो पेशवाओं के देश के हुए!" असा निकाल त्यांनी स्वतःच लावला आणि किल्ली दिली. वडील आयुष्यभर म्हणायचे, "मी खोटं बोललोच नाही. त्यांनी विचारायचं थांबवलं."

बैठकीत बुद्धाची मूर्ती होती. तिला मालकांची हरकत नव्हती. "अपने ही हैं, विष्णुजी के अवतार." निळ्या कोटातली तसबीर मात्र आईच्या लोखंडी कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला. सकाळी आई साडी काढायला गेल्यासारखी कपाट उघडायची आणि हात जोडून उभी राहायची. डांबराच्या गोळ्यांच्या वासातच वंदन करायचं असतं, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

वर मालकीणबाई राहायच्या, त्यांना आम्ही अम्माजी म्हणायचो. त्यांची आणि आईची गट्टी जमली. दुपारी त्या खाली यायच्या, आमच्याच ताटात वरणभात खायच्या, वर सुनेच्या तक्रारी सांगायच्या. परक्या गावात आईला मिळालेलं ते एकमेव माणूस. त्या उन्हाळ्यात मलिहाबादहून कैऱ्या आल्या, तेव्हा अम्माजींनी आपली चिनी मातीची थोरली बरणी खाली पाठवली. "बहू, अपनेवाला अचार डालना. राईवाला."

त्याच उन्हाळ्यात निवडणूक आली. मालक संध्याकाळी गच्चीवर मतं मोजायचे. वरची चार, खालची दोन, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची तीन. आमची मतं त्यांना भाड्यातच मिळाली होती. एके दिवशी ते कार्यकर्त्यांना घेऊन आले. "मराठी समाज का भी एक आदमी मंच पर चाहिए." गल्लीत मराठी समाज म्हणजे आम्हीच. वडील नाही म्हणू शकले नाहीत. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

पार्कातल्या सभेत वडिलांना भगवा फेटा बांधला. बांधणाऱ्याला बांधता येत नव्हता, तो कानावर उतरला. हातात पत्र्याची तलवार दिली. डासाच्या चाहुलीनेही दचकणारे माझे वडील तलवार छत्रीसारखी काखेत धरून बसले. पोरांना सांगतो तो किस्सा इथे संपतो.

मग मुख्य वक्ते उठले. म्हणाले, "जो कल तक चौखट के बाहर बैठते थे, आज कुर्सी माँग रहे हैं." पार्क टाळ्यांनी दणाणला. वडील खुर्चीत बसले होते. त्यांनी तलवार मांडीवर ठेवली आणि टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर आईने पाणी दिलं नाही. "काहून वाजवल्या?"

"सगळेच वाजवत होते ना बाप्पा. मी एकटा हात बांधून बसलो असतो तर?"

"तर?"

"तर सामान रस्त्यावर. पुन्हा दारोदार फिरशील?"

मतदानाच्या दिवशी सकाळी हातोडीच्या आवाजाने मला जाग आली. आई बैठकीत खुर्चीवर उभी राहून भिंतीत खिळा ठोकत होती. तसबीर तिने पदराने पुसली आणि बुद्धाच्या वर लावली.

वडील दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, आजचा दिवस जाऊ दे. मत तर गुप्तच असतं. द्यायचं त्याला दे, कोण बघतंय?"

"मत गुप्त असतं हो. माणसानं गुप्त राहायचं कुठं लिहिलंय?"

तेवढ्यात मालक आले. सगळ्यांनी मिळून केंद्रावर जायचं ठरलं होतं. "चलिए मराठा साहब!" म्हणत पडदा सारला आणि तसेच उभे राहिले. चेहरा बदलला नाही. भिंतीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाले. "आप लोग आराम से आइए."

आई-वडील मागून दोघंच गेले. कुणाला मत दिलं, ते आईने आम्हालाही कधी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी वरून खालपर्यंत जिना धुतला गेला. दोन दिवसांनी मालकांनी फाटकाबाहेरूनच, अगदी अदबीने सांगितलं, "कानपुर से भतीजा आ रहा है. मकान चाहिए होगा." भांडण नाही, आवाज नाही. अम्माजी खाली यायच्या बंद झाल्या.

निघायच्या दिवशी आई लोणच्याची बरणी घेऊन जिन्याखाली उभी राहिली. "अम्माजी, आपका अचार."

अम्माजी वरच्या पायरीवर आल्या. डोळे सुजलेले होते. "बहू, पहले बता देतीं तो..."

"तो घर देतीं?"

अम्माजींनी बरणीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. मग म्हणाल्या, "तुम्हीं रख लो. बरनी भी." बरणी त्यांच्या माहेरची होती.

रिक्षात आई म्हणाली, "बघा, शेवटी जीव लावला होता म्हातारीनं. माहेरची वस्तू देऊन टाकली."

वडिलांना खरं कारण कळलं होतं. थोड्या वेळाने आईलाही कळलं. बरणी मांडीवरून उचलून तिने पायाशी ठेवली.

नंतर वडील प्रत्येक दारात आधी जात सांगायचे, मग नाव. दारं भराभर मिटायची. शेवटी अमौसीकडे, विमानतळाजवळ, गिलावा न केलेलं एक घर मिळालं. वरून विमान गेलं की भांडी थरथरायची. पहिल्याच दिवशी आईने खिळा ठोकला, पण शेजारणीकडे कधी बसायला गेली नाही.

लोणचं झकास मुरलं होतं. वर्षभर आम्ही तेच खाल्लं. आई मात्र त्याला शिवली नाही.