घरच्या हातांची मजुरी

खोकेशेठ हे नाव गल्लीने थट्टेने ठेवलेलं. शेठ कसला, तर पत्र्याखाली दोन खोल्या, पुठ्ठा कापायचं एक जुनं यंत्र, ते चालवणारा एक कामगार आणि आतल्या खोलीत खोकी चिकटवत बसलेली थोरली बहीण. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! बुटांची खोकी करायची आणि बुटांच्या कंपनीला पोचवायची, बावीस वर्षं हाच उद्योग. त्यावर त्याने घर चालवलं, मुलीला कॉलेजात घातलं आणि धंदा कसा करावा यावर, कुणी विचारलं नसताना, जगाला सल्ले दिले.

बहिणीला सगळेच ताई म्हणत, कामगारसुद्धा. खळीत बोट बुडवायचं, पुठ्ठ्याच्या कडेवरून फिरवायचं, कोपरा दुमडून अंगठ्याने दाबायचा. दिवसाला चारशे खोकी, म्हणजे दोन माणसांचं काम ती एकटी उरकायची. धंदा नवा होता तेव्हा चार दिवस मदतीला म्हणून आपली नोकरी सोडून आली, ती त्या पाटावरून उठलीच नाही.

यंदा तिचे अंगठे आखडले. डॉक्टरांनी पट्ट्या बांधल्या आणि सांगितलं, "हे काम बंद. नाहीतर उद्या चहाचा कपसुद्धा धरता येणार नाही." खोकेशेठ काही दगड नव्हता. "ताई, तू आता आराम कर. मी बाहेरची माणसं ठेवतो," म्हणाला आणि ते मनापासून म्हणाला. त्याच आठवड्यात कंपनीने महिन्याला दोन हजार खोकी वाढवून मागितली. त्याला वाटलं, दुधात साखर पडली.

रविवारी दुपारी मुलगी वही घेऊन समोर बसली. "बाबा, माणसं ठेवण्याआधी एक हिशेब करू. किती खोक्यांवर आपल्याला ना नफा होतो ना तोटा?"

"बावीस वर्षं काय झोपा काढल्या मी? बरं, कर."

खोकं जायचं चौदाला. पुठ्ठा, कागद, खळ, वाहतूक धरून दहा. उरले चार. खोल्यांचं भाडं, वीज, यंत्राची दुरुस्ती, कामगाराचा पगार मिळून महिन्याला वीस हजार, मग एक खोकं होवो की लाख. "म्हणजे पाच हजार खोक्यांनी हे वीस हजार फिटतात," मुलगी म्हणाली. "त्यापुढचं प्रत्येक खोकं आपल्याला चार देतं. आपण करतो दहा हजार. नफा वीस हजार."

"बघ!" खोकेशेठला मूठभर मांस चढलं.

"पण चिकटवण्याचं काय धरलंय?"

"ते घरचं."

"घरचं म्हणजे किती?"

"अगं, घरचं म्हणजे काही नाही."

तो हे इतक्या सहज बोलला की मुलीने जुन्या वह्याच काढल्या. बावीस वर्षांच्या वह्यांत त्या रकान्यात त्याने 'घरचं' लिहून पुढे नुसती रेघ ओढली होती. बाहेर चिकटवणाऱ्यांचा दर त्याला तोंडपाठ होता, खोक्यामागे तीन. तिने ते तीन चारातून वजा केले. उरला एक.

"आता वीस हजार फिटायला वीस हजार खोकी लागतील, बाबा."

यंत्राची आतडी बाहेर काढली तरी ते महिन्याला बारा हजारांवर पुठ्ठा कापत नव्हतं. भाव वाढवावा, तर मोठा कारखाना तेच खोकं तेराला द्यायला टपलेला. खोकेशेठच्या तोंडचं पाणी पळालं.

"आत्याची मजुरी महिन्याला तीस हजार होत होती," मुलगी हळूच म्हणाली. "वीस आपण खाल्ले. उरलेले दहा स्वस्त खोकी देऊन कंपनीला वाटले. नफा असा कधी नव्हताच."

त्याने वही ओढून आकडे पुन्हा तपासले. या हिशेबाला लागणारी वजाबाकी त्याला लहानपणीच येत होती. ती शिकवली होती ताईनेच.

सोमवारी सकाळी कारखाना बंद करायचं ठरवूनच तो आतल्या खोलीत गेला. ताई रिकामे हात मांडीवर ठेवून पाटावर बसली होती. दुसरीकडे कुठे बसायचं हे तिला माहीतच नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. तिच्या बुडालेल्या मजुरीचं मात्र सांगितलं नाही, ते सांगायला त्याची जीभ रेटेना.

"म्हणजे बाहेरची माणसं ठेवली की बुडतो?"

"हो."

"आणि घरचं कुणी असलं तर?"

इथे खोटं बोलायला हवं होतं. आयुष्यात गिऱ्हाइकांशी शंभरदा बोलला होता, एकदा बहिणीशी बोलला असता तर काय बिघडलं असतं! पण मुलीच्या कॉलेजची दोन वर्षं अजून बाकी होती. "तर चालतं," तो म्हणाला.

"मग एवढं तोंड काय पाडून बसलास, वेड्या?" ताईने दातांनी अंगठ्याची पट्टी सोडली. "आण तो गठ्ठा."

त्याने गठ्ठा आणला. पहिला कोपरा अंगठ्याने दाबला जाईना, तेव्हा तिने तो मनगटाने दाबला, ओठ घट्ट मिटून. 'नको' हा शब्द त्याच्या घशापर्यंत आला होता. तो त्याने गिळला आणि खळीचं भांडं तिच्या हाताशी सरकवलं.