पुस्तकातली मुलं घाबरत नसत

माझे वडील लोणावळ्याला शाळेत मास्तर होते, त्यामुळे घरात गोष्टींची पुस्तकं यायची. आम्हा भावंडांना साहसाच्या गोष्टींचं वेड होतं. त्या गोष्टींतले मुलगे भुयारात उतरायचे, दरोडेखोरांना चकवायचे, आणि त्यांच्या छातीत कधी धडधड म्हणून होत नसे. सोबत एखादी बहीण असलीच, तर ती बाहेर थांबून रडायची, नाहीतर शेवटी भावाच्या जखमेला पट्टी बांधायची. असं पान आलं की माझी मोठी बहीण पुस्तक माझ्या मांडीवर टाकून म्हणायची, "हिला काय पाय नाहीत?"

मला वेगळीच काळजी असे. मला अंधाराची भीती वाटायची, कुत्र्यांची वाटायची, विहिरीत डोकावायचीसुद्धा वाटायची. मुलगा म्हणून आपलं काहीतरी चुकलंय, असं मी मनातल्या मनात धरून चाललो होतो.

एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बेडशाला आत्याकडे गेलो. आत्याचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याला मी सगळ्या गोष्टी रंगवून सांगितल्या आणि दुसऱ्या दिवशी शेरडांमागे डोंगर चढलो ते वीर होऊनच. सोबत आलेल्या ताईने भाकऱ्या राखत बसायचं, हे आम्ही दोघांनीच ठरवून टाकलं.

दुपारी एक करडू कड्याखालच्या कपारीवर उतरलं आणि ओरडू लागलं.

"तू उतर, मी शेरडं बगतो," आत्याचा मुलगा म्हणाला.

नाही म्हणायची सोय नव्हती. मी उतरलो. कपारीवर पाय टेकले आणि नजर खाली गेली. भाताची खाचरं तळहाताएवढी दिसत होती. तेवढ्यात करडू माझ्या पाठीवर पाय देऊन टुणकन वर निघून गेलं! मी खडकाला चिकटलो आणि डोळे मिटून घेतले. आत्याचा मुलगा "माज्या बाला आणतो" असं ओरडत गावाकडे पळाला.

मग ताईचा आवाज अगदी कानाशी आला. परकराचा काचा मारून ती खाली उतरली होती.

"डोळे उघड. खाली नको, खडकाकडे बघ."

तिने माझा पाय धरून एका खोबणीत ठेवला, मग दुसरा वरच्या खोबणीत. मी चढत गेलो, मागून ती.

वर आल्यावर ती गवतात बसली आणि दोन्ही मुठींत गवत घट्ट धरून राहिली.

"तुलापण भीती वाटली?" मी विचारलं.

"मग! उतरताना मलाही डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. भीती वाटत असतानाही उतरता येतं, हे एकाही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

एवढ्यात आत्याचे यजमान धापा टाकत आले. मागे आत्या. सगळं ऐकून ते म्हणाले, "पोरगा असून भ्यालास व्हय रं? आन् ही पोर उतरली!"

आत्या माझे हातपाय चाचपत होती. "भ्याला तर भ्याला. धड हाय न्हवं? आन् तुमी कुनाला बोलताय? रानडुक्कर आलं तवा शेतातल्या माळ्यावर कोन चढून बसलं हुतं?"

ते पटक्याखाली डोकं खाजवत हसले आणि माझ्याशेजारी बसले. "व्हय बाबा, लय भ्यालतो. उजाडंपातुर उतारलो न्हाई."

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूही आलं. एवढा दांडगा, मिशीवाला माणूस भ्याला होता, आणि तरीही तो तेवढाच दांडगा आणि मिशीवाला राहिला होता. त्या दिवशी मी आत्याच्या हातच्या भाकऱ्या पोट तट्ट होईपर्यंत खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावाजवळची लेणी बघायला गेलो. आतल्या अंधारात मी न लाजता ताईचा हात धरला. थोड्या वेळाने बघतो, तर तिचा दुसरा हात आत्याच्या मुलाने धरलेला होता.