शेजारच्या सीटवरचे मास्तर

मास्तरांनी एक्केचाळीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, तीही शेजारच्या सीटवर बसून. तिथे त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असे. शिकणारा गडबडला की मास्तर तो दाबत आणि वहीत शेरा लिहीत. पहिल्या फेरीचा शेरा ठरलेला: कच्चा. डॉक्टरीणबाई असोत, न्यायाधीश असोत, मास्तरांची स्वतःची लेक असो, यातून कुणीच सुटलं नव्हतं. थोरली बहीण अक्का हिने तर पहिल्याच फेरीत टेकडीवरच्या शाळेचं फाटक आडवं केलं होतं. तिला दुसरी फेरी मिळालीच नाही, आणि ते ती आजतागायत विसरली नव्हती.

गेल्या वर्षी नजर अधू झाली, तसा मास्तरांनी आपला परवाना आपणहून परत केला. कच्च्याला कच्चा म्हणताना ते आपपर बघत नसत. पण त्यापायी दर बुधवारी अक्काकडे जाणं थांबलं. बस टेकडी चढत नाही, अक्काचे गुडघे टेकडी उतरत नाहीत, आणि फोनवर तिला धड ऐकू येत नाही. लेकीने दुकान बंद करून आपल्याला सोडायला यावं, हे मास्तरांच्या जिवावर येई. आठ महिने असेच गेले. बुधवार उजाडला की म्हातारा उगाच सगळ्यांवर खेकसायचा. खरं तर त्याला बहिणीची फार आठवण यायची.

शेवटी लेकीने बिनचालकाची गाडी दारात बोलावली. "बाबा, ही आपली आपण चालते. तुम्ही नुसतं बसायचं."

"नुसतं कसं? पहिली फेरी आहे तिची," म्हणत मास्तरांनी कपाटातून वही काढली.

आत स्टिअरिंग नव्हतं, पेडल नव्हतं. मास्तर सवयीने शेजारच्या सीटवर बसले आणि रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाले, "आरसा बघितला का?" उत्तर आलं नाही. 'उद्धट', वहीत नोंद झाली.

पहिल्या चौकात त्यांचा पाय आपसूक खाली दाबला गेला आणि गाडी थांबली. "बघ! मी होतो म्हणून!" पुढच्या चौकातही तेच. मास्तरांची कळी खुलली. आपल्या पायाखाली नुसती चटई आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बाजाराच्या वळणावर मात्र त्यांनी पाय हलवला नव्हता, तरी गाडी हळूच थांबली. "आता काय झालं गं बाई तुला?" मास्तरांनी डोळे बारीक केले. करडा कोट घातलेली एक म्हातारी काठी टेकत रस्ता ओलांडत होती. ती त्यांना दिसलीच नव्हती. ते पुढे वाकून बघत राहिले. म्हातारी सुखरूप पलीकडे गेली, तेव्हा कुठे जिवात जीव आला. "शाबास," ते पुटपुटले, आणि त्यांनी पाय मागे घेतला. शेजारच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत जाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. बेकरीला नवा रंग दिलेला अंधुक दिसला. सुटीला निघाल्यासारखं वाटत होतं त्यांना.

अक्का दारातच उभी होती. "आठ महिने कुठे उलथला होतास?" दोघंही रडली, आणि रडल्याबद्दल एकमेकांवर रागावली. मग अक्काचं लक्ष गाडीकडे गेलं.

"चालवणारा कुठंय?"

"नाहीये."

"म्हणजे ती जागा रिकामीच आहे की!" काठी मागे टाकून अक्का पुढे जाऊन बसलीसुद्धा. "चल, माझी दुसरी फेरी राहिलीय."

गाडीने टेकडीला चक्कर मारली. अक्का हवेतलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी फिरवत होती आणि ओळखीच्यांना मान डोलावून दाखवत होती. शाळेच्या फाटकाशी मास्तरांचा पाय पुन्हा दाबला गेला. गाडी फाटकाला वळसा घालून अलगद पुढे निघाली, आणि अक्का लहान मुलीसारखी टाळ्या पिटत हसली.

घरी परतल्यावर मास्तरांनी वहीत लिहिलं: 'अक्का. दुसरी फेरी. पक्की.' तिने ते चष्मा लावून दोनदा वाचलं.

"आणि गाडीला काय दिलंस रे?"

"कच्ची," मास्तर वही मिटत म्हणाले. "पहिल्या फेरीत पास करतो का मी कुणाला? पुढच्या बुधवारी पुन्हा आणावी लागणार तिला."