लाल ठिपके

साखर पेठेतला तो ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघतो. काहीही न्या, पहिला प्रश्न ठरलेला. "आदी कुणी उघडलंय का?"

"नाही," मी म्हणालो. खरं तर आदल्याच दिवशी मी पॉवर ॲम्प उघडून आतल्या प्रत्येक मोठ्या पार्टवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. ही माणसं चांगला पार्ट काढून जुना बसवतात, असं ऐकून होतो.

तक्रार साधी होती. पॉवर ॲम्पला सिग्नल पुरवणारा नवा प्रीॲम्प जोडल्यापासून व्हॉल्यूम जरा वाढवला की आवाज फाटायचा.

"ह्यो नवा प्रीॲम्प दोन व्होल्ट देतोय. तुमच्या जुन्या पॉवर ॲम्पला एकच बास हाय की," तो म्हणाला. "आत रेझिस्टर टाकून कमी करतो. ठिवून जावा."

ठेवून जा म्हटल्यावर माझा संशय पक्का झाला.

चौथ्या दिवशी परत देताना त्याने पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.

घरी आवाज स्वच्छ लागला. तरी मी झाकण उघडलं. माझे सगळे लाल ठिपके जागेवर होते. आणि प्रत्येकाच्या शेजारी, तितक्याच काळजीने दिलेला, त्याचा एक हिरवा ठिपका होता.