शेवटच्या नळाखालचा हात

पाणी सोडलं की चावीवाले काका शेवटच्या नळाखाली हात धरून बसायचे. तळवा भिजला की म्हणायचे, “आला.” मगच सायकलवर टांग.

तुमच्याही गल्लीत पाणी सोडणारा माणूस असेल. लोखंडी चावीने रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवतो आणि निघून जातो. काकांचं कागदावरचं काम तेवढंच होतं. शेवटच्या नळापर्यंत जा, असं त्यांना कोणत्याही साहेबाने सांगितलं नव्हतं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. टेमघरला आमच्या चाळी लूम कामगारांच्या. मी पत्रकं काढायचो. वय एकवीस, राग फुकट. एका उन्हाळ्यात शेवटच्या चाळीला आठ दिवस पाणी आलं नाही. कुणालाही न विचारता मी छापलं : ‘पाणीचोर चावीवाल्याचा जाहीर धिक्कार!’

चौकात वाटायला गेलो तर लोक कागद घेईनात. शेवटच्या चाळीतल्या खाला म्हणाल्या, “चाचा के बारे में लिखा है? जा, पहले उन्हीं को सुना.”

जावं लागलं नाही. काकाच पत्रक घेऊन आले. त्यांना वाचता येत नव्हतं.

“वाच.”

वाचलं.

“पानीचोर मोठ्या अक्षरात हाय का?”

“हो.”

“मंग बेस. लांबून दिसाया पायजे. फकस्त मानूस चुकलास.”

सायकलवर मागे बसवून त्यांनी मला सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यामागे नेलं. मालकाने थेट पालिकेच्या लाइनवर मोटर बसवली होती. चाळीचं पाणी आतच ओढलं जात होतं. काकांचं पालिकेतल्या साहेबाला तीनदा सांगून झालं होतं. “लिवून दे बोलतो. मना लिवता येतं का?”

मी तिथेच अर्ज लिहिला, काकांनी अंगठा दिला. साहेबाने अर्ज ठेवून घेतला. बस, ठेवूनच घेतला!

दुसऱ्या सकाळी काकांनी व्हॉल्व्ह उघडलाच नाही. खांद्यावर चावी टाकून चौकात उभे. “शेवटल्या नलाला न्हाय, तवर कोनालाच न्हाय.”

हे मी बोललो असतो तर बायांनी मला हंड्यानेच बडवलं असतं. पुढच्या गल्लीतली एक करवादली, “आमचा काय गुन्हा, काका?”

“तुजा काय न्हाय, बाय. संगती चल.”

ती गेली. तिच्यामागून सगळी आळी गेली. कारखान्याच्या फाटकात रिकाम्या हंड्यांचा ढीग लागला. दुपारच्या आत मालकाने मोटर काढली. काकांनी व्हॉल्व्ह उघडला आणि शेवटच्या नळाखाली जाऊन बसले. मीही बसलो. नळ आधी खोकला, मग गढूळ धार आली.

“आला.”

पाणी बंद ठेवलं म्हणून पालिकेने काकांना मेमो दिला. मोटरवाल्याला काय दिलं? काही नाही! मी तणतणत होतो. काकांनी मेमोची घडी करून सायकलच्या सीटखाली सारली. “खडखडत व्हती कवाची. बरा झाला.”

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. नवा माणूस मोटरसायकलवर येतो, चावी फिरवतो आणि जातो. शेवटच्या नळाखाली मात्र हंड्याआधी कुणाचा तरी हात जातोच. मी तिथे दिसलो की खाला मलाच पुढे ढकलतात.

“तू पकड. तूने लिखा था ना?”

मी हात धरून उभा राहतो.