माणसांवर जकात

करार संपत आला तसा खोलीमालक दारात येऊन म्हणाला, "काका, सामान काढायचं बघा."

खराडीत आम्हा भाडेकरूंना यात नवल नव्हतं. करार अकरा महिन्यांचा. तो संपला की भाडेकरूनं आपल्या हातानं सगळं सामान अंगणात मांडायचं, मालकानं खोलीला कुलूप घालायचं आणि दुसऱ्या दिवशी वाढीव भाड्याचा नवा करार करून पुन्हा आत. ही रीत मालकाच्या वडिलांनी घातली. त्यांची कसायला दिलेली जमीन कुळाकडे गेली होती, त्याची धास्ती घेतलेली. "खोली एक दिस रिकामी पायजे, नायतर कूळ लागतंय," म्हणायचे. आम्ही काय त्यांच्या पत्र्याखाली ज्वारी पेरणार होतो? पण काढायचो सामान. मी कपाट ओढायचो, बायको डबे उचलायची. मग अंगणातच स्टोव्ह पेटवून पिठलं करायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, "या, बसा. आज आमचा हॉल मोठा आहे."

मागच्या खेपेला तिच्या अंगात ताप होता. तशीच अंगणात खाटेवर पडून राहिली. नंतर काही आठवड्यांत त्या खोलीतच गेली. अंगणात झोपल्यानं गेली असं मी म्हणत नाही, डॉक्टरनं दुखणं वेगळंच सांगितलं. पण तापातल्या बाईला आपल्या हातानं बाहेर काढायला लावणारी रीत कसली, ते मला अजून कळलेलं नाही.

यंदा तर सामान परत आत जायचंच नव्हतं. मालकाला खोल्या पाडून कंपन्यांतल्या पोरांसाठी इमारत उठवायची होती. एका खोलीत चार पलंग.

"तुमच्या अख्ख्या खोलीचं भाडं म्हंजे तिथल्या एका पलंगाचं बी न्हाई, काका. मी तरी काय करू?" तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता.

मी म्हणालो, "तिचं वर्ष व्हायचंय. ते याच खोलीत होणार. तोवर मी डब्यालासुद्धा हात लावणार नाही."

"मंग मला लावाय लागंल."

"लावा."

माझा जन्म जुन्या शहरातल्या कसब्यातला. तिथल्या खोल्या पडल्या, इमारत झाली आणि आम्ही सरकत सरकत नगर रस्त्यानं इथवर आलो. तेव्हा इथं समोर शेतं होती. मग काचेच्या इमारती आल्या. बायको त्यांतल्याच एकीत झाडलोट करायची. एकदा घरी येऊन म्हणाली, "अहो, आमच्याकडे वरच्या मजल्यावर पोरांना दुपारची डुलकी घ्यायला गाद्या टाकल्यात. रोज चादरी बदलते मी."

मी म्हणालो, "रात्री कुठं झोपतात ती पोरं?"

"आपल्या शेजारच्या खोल्यांत. म्हणून तर भाडं वाढतंय."

तिला सगळा हिशोब कळला होता. मला तो बोलून दाखवायची संधी मिळाली ती देवळाच्या सभामंडपात.

पुलाखाली राहणाऱ्या माणसांचं काय करायचं, म्हणून नगरसेवकानं बैठक बोलावली होती. कंपन्यांचेही लोक आले होते, वाटायला ब्लँकेटं घेऊन. भाषणं झाली. पुलाखाली झाडं लावू, रंग देऊ. माणसं कुठं न्यायची यावर कुणी बोलेना. मी उठलो.

"मी जकात नाक्यावर हमाली केली," मी म्हणालो. "शहरात टोमॅटोचा ट्रक आला तरी महापालिका जकात घ्यायची. का? तर माल शहरात येतो, शहराचे रस्ते वापरतो. मग तुम्ही इतकी माणसं शहरात आणता, त्यांच्यावर जकात कुठाय? माणूस मालापेक्षा जास्त जागा खातो. त्याला झोपायला लागतं. जेवढी मोठी कंपनी तेवढी जकात घ्या. त्या पैशातून परवडतील अशा खोल्या बांधा. आधी पुलाखालच्यांना, मग बाकीच्यांना."

मागून कुणीतरी म्हणालं, "काकांना नाक्यावर बसवा पुन्हा!" मंडप हसला.

कंपनीतली एक बाई समजुतीनं बोलली, "काका, आपण म्हणता ते समजतं. पण आम्ही ऑलरेडी टॅक्स भरतो. शिवाय ही ब्लँकेट्स…"

"बाई, ब्लँकेट पांघरायचं असतं. त्याखाली आधी जमीन लागते."

"आणि कंपन्या बंगळूरला गेल्या तर?" नगरसेवक म्हणाला.

"जाऊ द्या. तिथली माणसं काय उभ्यानं झोपतात?"

चष्मेवाले एक गृहस्थ उठले. "अहो, जकातीचा भार शेवटी गिऱ्हाइकावरच पडायचा. आणि नाक्यावर खाबूगिरी किती होती!"

"होती. डोळ्यांनी बघितली. पण गिऱ्हाइकावर पडत होता ना भार? मग या कंपन्यांची गिऱ्हाइकं म्हणे अमेरिकेत आहेत. पडू दे त्यांच्यावर. आत्ता कुणावर पडतोय? माझ्यावर."

या खेपेला हसू जरा कमी आलं. पण ठराव झाला तो झाडांचा. ब्लँकेटं वाटली गेली. एक मलाही देत होते. मी घेतलं नाही.

करार संपला त्या सकाळी मालक टेंपो आणि दोन हमाल घेऊन आला. मी खाटेवर बसून होतो.

"उठा काका. तमाशा नको."

"हमालांना उचलायला सांगू नका, माझ्या जातीचे आहेत ते. पहिली वस्तू तुम्ही उचला."

तो आत आला. दोरीवर तिची लुगडी होती, मी काढलीच नव्हती. त्यानं तिकडे हात नेला तेवढ्यात दारातून त्याची आई ओरडली, "वरीस व्हायच्या आत मेलेल्या बाईची कापडं बाहेर टाकतोस व्हय रं? मुडद्या, तुला लहानपणी तिनं जेवू घातलंय!"

टेंपो रिकामा गेला. म्हातारीचे उपकार झाले, पण मला दया नको होती. तेच तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग मर तिकडं," आणि दुसऱ्या दिवशी कालवणाची वाटी पाठवली.

त्यानंतर मी दोनदा महापालिकेत जाऊन आलो. माणसांवरच्या जकातीचं म्हणणं साहेबासमोर तोंडी सांगितलं. लेखी द्या म्हणाले. माझी शाळा तिसरीतच सुटली, तरी दिलं. पुन्हा जाणार आहे.

तिचं वर्ष परवा झालं. पुलाखालच्या माणसांना जेवायला बोलावलं होतं. अंगणात पंगत बसली. मालकही येऊन जेवला, पोटभर. हात धुतले आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"झालं वरीस. आता?"

"आता भांडण," मी म्हणालो. "बसा. सुपारी घ्या."