माझ्या रांगेतली रोपं

मैत्रिणींनो, आज लेकीला घेऊन भंडाऱ्याला डॉक्टरबाईंकडे गेले होते. सिझेरियननंतर तिचं आतडं गर्भाशयाला चिकटलंय, म्हणून ओटीपोट सतत दुखतं. ऑपरेशननं सुटेल, पण पुन्हा चिकटूही शकतं म्हणे.

लेकीनं विचारलं, "आई, तुलेही असंच दुखे न? मंग तू काय केलं?"

काय करणार, रोवणी केली. ऐंशीच्या दशकात सासरी कोंढ्याला धानाच्या बांदीत, त्या पाणी भरलेल्या वाफ्यात, रोवायला वाकले की कळ यायची. मी थांबले की मोठी जाऊ माझ्या रांगेतही रोपं लावायची.

लेक ऑपरेशनला हो म्हणाली. घरी येऊन मी जाऊला फोन केला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मलेबी दुखे वं. दोघीबी बसलो असतो त बांदी कोणं रोवली असती?"